खाँसाहेबांनी नाकारलेली तबकडी

कोल्हापुरात ज्यांनी सव्वीस-सत्तावीस वर्षं दरबारी गवई म्हणून काढली, ज्यांच्या गायकीवर जयपूर-अत्रौली हे एक अख्खं घराणं उभं आहे, त्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कुठंही ऐकायला मिळत नाही. मिनिटभरही नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यात उतरला आणि गौहर जानच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा खाँसाहेब सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि आमच्या गावात राहत होते. मुंबईत त्यांचं निधन झालं ते १६ मार्च १९४६ रोजी. मधली चव्वेचाळीस वर्षं तबकडीचा धंदा गावोगाव पसरत होता. कलकत्त्यात सियालदाला १९०८ साली कारखाना निघाला, नाटकातली पदं घराघरांत वाजू लागली, पोवाडे, कीर्तनं, नकला सगळं लाखेत उमटलं. खाँसाहेब मात्र एकदाही कर्ण्यापुढं बसले नाहीत.

मी रेकॉर्डप्लेअर, रेडिओग्राम आणि स्पूलची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. सत्तरच्या दशकात महाद्वार रोडच्या एका बोळातल्या दुकानात हाताखाली लागलो आणि पुढं आयुष्यभर तेच काम केलं. गाणं मी शिकलेलो नाही. जे कळलं ते ऐकून आणि सुईखालून. म्हणून खाँसाहेबांच्या या नकाराकडं मी यंत्राच्या बाजूनं बघतो, आणि मला वाटतं, तिथून काही गोष्टी जास्त स्वच्छ दिसतात.

गावात सगळे सांगतात ते कारण असं, की विद्या चोरीला जाईल ही भीती. जुने उस्ताद अनवट राग परक्यासमोर उघडत नसत, बंदिशीचा अंतरा राखून ठेवत, हे खरंच आहे. खाँसाहेबांच्या पोतडीत तर असे जोडराग आणि अनवट राग किती होते! नटकामोद, बसंती केदार, खोकर, बिहागडा, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस. ते एकदा बाजारात गेले की कुणीही तीन रुपयांत शिकेल, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण एवढंच कारण असतं तर चार सोप्या रागांची तबकडी द्यायला काय हरकत होती?

खरं उत्तर त्यांच्या गळ्याच्या कहाणीत आहे असं मला वाटतं. खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, जयपूरकडच्या उनियाऱ्याचा. मूळ घर अत्रौलीचं. घरात ध्रुपद-धमाराची परंपरा, काका जहांगीर खाँ यांच्याकडं तालीम. तरुणपणी आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात ते नोकरीला होते. तिथल्या राजाला गाण्याचं वेड इतकं, की खाँसाहेबांना रोज तासन्‌तास गायला लावायचा. अतिश्रमानं आवाज बसला. बसला तो पुन्हा पहिल्यासारखा कधी उघडला नाही. दुसरा कुणी असता तर तंबोरा खुंटीला टांगून शेती बघत बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजात बसेल अशी नवी गायकी घडवली. मुबारक अली खाँच्या पेचदार तानेचं त्यांना फार आकर्षण होतं. ती वळणं, तालाच्या पोटातून जाणारी तान, आवर्तनाच्या अंगाखांद्यावर खेळत नेमकी समेवर येणारी उपज, आकारातला भरीव आलाप, हे सगळं त्यांनी एकत्र बांधलं. आवाजाची चमक गेली होती, म्हणून आराखडा इतका पक्का केला की ऐकणाऱ्याला चमकेची आठवणच राहू नये.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी खाँसाहेब कोल्हापुरात रुजू झाले. म्हणजे कोल्हापूरनं त्यांना ऐकलं ते या दुसऱ्या आवाजात. पहिला आवाज इथं कुणाच्याच कानावर पडलेला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती कामाला येईल.

आता कर्ण्याचं तंत्र बघा. १९२५ साली विजेचा मायक्रोफोन येईपर्यंत मुद्रण होत असे ते निव्वळ आवाजाच्या दाबावर. गायकानं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गायचं. त्या हवेच्या दाबानं पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या जाड चकतीवर चर कापायची. नाटकातल्या नटांचा पल्लेदार आवाज तिथं फत्ते करायचा. मधला बारीक श्रुतीचा फरक, हळू सुटलेला सूर, तंबोऱ्याची जवारी, तबल्याचा डग्गा, यातलं जवळजवळ काही चरात उतरायचं नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपायची. खाँसाहेबांच्या गायकीतलं विलंबित तीनतालाचं एक आवर्तन वीस-पंचवीस सेकंदांचं धरलं, तरी एका बाजूत आठ-नऊ आवर्तनं. त्यात मुखडा, स्थायी, अंतरा, आलाप, बोलताना, ताना, सगळं उरकायचं. ज्याचा कस चमकदार आवाजात नसून बांधणीत आहे आणि ज्याच्या बांधणीला अर्धा-पाऊण तास लागतो, त्याला या यंत्रानं काहीच दिलं नसतं. मायक्रोफोन आला तेव्हा खाँसाहेब सत्तरीला पोचले होते. १९२२ साली महाराज गेल्यावर कोल्हापूर सोडून ते मुंबईला स्थायिक झाले होते. तो नकार हट्टाचा होता असं मला वाटत नाही. त्या यंत्राला काय पेलतं आणि काय नाही, याचा हिशेब त्यांना ठाऊक होता.

त्यांच्याकडून शिकलेल्या भास्करबुवा बखल्यांचंही तेच; त्यांचीही तबकडी नाही, आणि ते गेले १९२२ सालीच. त्यामुळं या दोघांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते फक्त लोकांच्या आठवणींतून. गोविंदराव टेंबे इथलेच, जवळच्या सांगवड्यात जन्मलेले. त्यांनी हे गाणं समोर बसून ऐकलं आणि ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं. ज्याला त्या काळातल्या मैफलीचा वास हवा असेल त्यानं टेंबे वाचावेत. पण लिहिलेल्या शब्दांतून सूर कितीही चांगला उभा केला तरी तो ऐकू येत नाही. ही कमतरता मला आयुष्यभर डाचत आली आहे.

तबकडीला पहिलं ‘हो’ म्हटलं ते घराण्यातल्या बायकांनी. याचा उल्लेख आमच्याकडं ओझरता होतो आणि मला ते खटकतं. कोल्हापूरच्या लक्ष्मीबाई जाधव खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडं शिकल्या, बडोदा दरबारात गायल्या, आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर लहानपणी, आठ वर्षांच्या असताना, कोल्हापुरातच अब्दुल करीम खाँसाहेबांकडं काही महिने शिकत होत्या. १९२१ साली त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि खाँसाहेबांच्या शेवटापर्यंत तालीम घेतली. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन कंपन्यांकडून त्यांच्या तबकड्या आल्या.

केसरबाईंची एखादी अठ्ठ्याहत्तरची तबकडी मिळाली तर कान देऊन ऐका. पहिल्या सेकंदाला बंदिश सुरू होते. प्रस्तावना नाही, सूर लावून बघणं नाही. दोन-तीन आवर्तनांत रागाचं तोंड दिसतं, मग आकार, मग ती धबधब्यासारखी तान. आवाज असा मोकळा आणि जाड, की घासलेल्या चरातूनही फुटून बाहेर येतो. तीन मिनिटांत त्या राग संपवतात असं वाटत नाही. मोठ्या मैफलीचं दार तेवढा वेळ किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं, असं वाटतं. अशा तबकड्या वाजवायच्या तर प्रत्येक बाजूला पोलादी सुई बदलावी लागते. आमच्या दुकानात शंभर सुयांची पत्र्याची डबी असायची, आणि एकच सुई चार बाजूंना वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला आमचे मालक चरातली लाखेची भुकटी बोटावर घेऊन दाखवत. “हे काय झडतंय बघा. हे केसरबाईंचं गाणं झडतंय,” असं म्हणत.

केसरबाईंनी मैफलीत कुणाला मुद्रण करू दिलं नाही. गुरूचा स्वभाव इथं दिसतो. आणि तरी त्यांच्याच वाट्याला जगातलं सगळ्यांत लांब गेलेलं ध्वनिमुद्रण आलं. १९७७ साली अमेरिकेनं सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. त्या तबकडीचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे, आणि वाजवायला सुई-कार्ट्रिजही सोबत पाठवलं आहे. व्हॉयेजर एक उडालं ५ सप्टेंबरला, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. कोल्हापूरच्या दरबारातल्या गायकीचा एक तुकडा इतक्या दूर चालला आहे, आणि ज्यानं ती घडवली त्याचा आवाज इथं गावातही नाही.

शेजारच्या मिरजेचं उदाहरण अगदी उलट. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्ण्याच्या काळातही मुद्रण केलं होतं. पण लोकांच्या घरात पोचल्या त्या त्यांच्या १९३०च्या दशकातल्या, मायक्रोफोनवर घेतलेल्या तबकड्या. तो हळवा, टोकदार सूर मायक्रोफोनला मानवला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी हॉटेलांत वाजायची. पन्नास किलोमीटरवरची दोन गावं, दोन खाँसाहेब. एकाचं किराणा घराणं तबकडीवर स्वार होऊन देशभर गेलं. दुसऱ्याचं शिष्यांच्या गळ्यातून, मैफलीतून, हळूहळू पोचलं.

मग लाँग प्ले आली. फेऱ्यांचा वेग ३३⅓, लाखेच्या जागी विनाइल, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. जयपूर-अत्रौलीच्या गायकीला पहिल्यांदा पाय पसरायला जागा मिळाली. पण ही जागा मिळाली तेव्हा गाणारी पिढी बदलली होती, आणि इथून पुढं तो वाद सुरू होतो ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

किशोरीताई आमोणकर म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांची मुलगी. मोगूबाई गोव्यातल्या कुर्डीच्या. सांगलीत रियाज करत असताना खाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि स्वतःहून शिकवायला सुरुवात केली. पुढं हैदर खाँकडूनही त्यांना तालीम मिळाली. म्हणजे किशोरीताईंच्या घरात ही विद्या थेट मुळाकडून आलेली. १९६४ साली ‘गीत गाया पत्थरों ने’ या सिनेमाचं शीर्षकगीत त्या गायल्या. सिनेमा आमच्याच गावच्या व्ही. शांतारामांचा. मोगूबाईंना ते मुळीच रुचलं नाही. पुन्हा सिनेमात गायलीस तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं, ही हकिकत किशोरीताईंनी स्वतःच सांगितलेली आहे.

त्यानंतर त्यांच्या लाँग प्ले आल्या. आधी जौनपुरी आणि पटदीप. मग ती एका बाजूला बागेश्री आणि दुसऱ्या बाजूला भूप असलेली. भुपातली ‘सहेला रे’ ही बंदिश त्यांची स्वतःची. ही तबकडी आमच्या दुकानात आली तेव्हापासून संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसणाऱ्या मंडळींत दोन तट पडले.

ही मंडळी देवल क्लबात वाढलेली. १८८३ सालची ती संस्था. तिथं गाणं ऐकत ऐकत माणसं म्हातारी झाली आहेत. त्यांच्यातल्या एका आप्पांनी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून खाँसाहेबांना ऐकलं होतं. त्यांनी भूप पूर्ण ऐकला आणि म्हणाले, “सूर गोड हाय, नाही कोण म्हणतंय? पण आवर्तन कुठं गेलं? खाँसाहेबांचा मुखडा कसा, पहिलवानानं पट काढल्यागत समेवर यायचा. हितं नुसतं तरंगत बसायचं.” दुसरे एक शाळामास्तर होते. ते म्हणाले, हे किराण्याचं गाणं झालं, घराण्याची वेस ओलांडली. आणि एक जण तर सरळ म्हणाला की सिनेमात गायल्याचा हा परिणाम.

असल्या आक्षेपांना पुस्तकाचाही आधार होता. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आलं होतं आणि जाणकारांच्या तोंडी त्यातली मांडणी बसली होती. वामनराव स्वतः मोगूबाईंकडं शिकलेले. त्यांनी घराणी एका रेषेवर मांडली: एका टोकाला स्वराला वाहिलेलं किराणा, दुसऱ्या टोकाला लयीला वाहिलेलं आग्रा, आणि मध्यावर, स्वर-लय दोन्ही सांभाळणारं जयपूर. मांडणी सुरेख आहे, मी ती अजूनही मानतो. पण तिचा उपयोग लोक मोजपट्टीसारखा करू लागले. किशोरीताईंचा सावकाश, एकेका सुराला जागा देणारा आलाप या पट्टीवर ठेवला की काटा स्वराकडं झुकतो. झुकला म्हणजे चुकलं, असा निकाल. देशभरच्या टीकेतही सूर हाच होता: भावनेचा अतिरेक, लयीचं बंधन सैल, घराण्याची शिस्त मोडली. तरुण मंडळी मात्र वेडी झाली होती. कॉलेजातली पोरं पैसे जमवून ती तबकडी घ्यायची आणि दुकानात येऊन नवी सुई मागायची.

सुईवरून आठवलं. एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते की तबकडी सदोष आहे. द्रुत सुरू झालं की तार सप्तकात बाईंचा आवाज फाटतो. आप्पा तिथंच बसले होते. “फाटणारच,” ते म्हणाले. मी प्लेअर उघडला. त्या काळच्या कार्ट्रिजला दुहेरी सुई असायची. खिटी एका बाजूला फिरवली की अठ्ठ्याहत्तरची जाड सुई, दुसऱ्या बाजूला लाँग प्लेची बारीक. त्यांच्या घरात महिनोन्‌महिने खिटी उलटी राहिली होती, आणि बारीक सुई पूर्वीच झिजून चपटी झाली होती. शिवाय तबकडीचा आतला भाग नेहमी नाजूक. फेऱ्यांचा वेग तोच राहतो, पण वर्तुळ लहान होत जातं. म्हणून शेवटच्या चार-पाच मिनिटांत सेकंदाला सुईखालून जाणारी चराची लांबी बाहेरच्या कडेपेक्षा बरीच कमी होते, आणि वरच्या पट्टीतला आवाज दाटीवाटीनं कोरला जातो. चपटी सुई तिथं शिरतच नाही, घासत जाते. द्रुत बंदिश आणि ताना नेमक्या तिथंच येतात. मी नवी हिऱ्याची सुई घातली आणि दुकानातल्या दुसऱ्या, न घासलेल्या प्रतीवर ‘सहेला रे’ लावली. तार षड्ज काचेसारखा लागला. कुणी काही बोललं नाही. आप्पांनी ती पुन्हा लावायला सांगितली, आणि पुन्हा.

त्या संध्याकाळी मास्तरांनी आपला मुद्दा सोडला नाही, सोडायचं कारणही नव्हतं. सुई बदलून आलापाचा ढंग बदलत नाही. पण आमचे मालक, जे एरवी गिऱ्हाइकांच्या वादात पडत नसत, ते आप्पांना म्हणाले, “आप्पा, तुम्ही खाँसाहेब ऐकलाय तो आवाज गेल्यानंतरचा. आमलेट्याच्या आधी ज्यांनी ऐकला आसंल, त्यांना ही तुमची पेचदार तान कशी वाटली आसंल हो?” आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्यांनी बी नावंच ठेवली असणार.”

मला तेव्हापासून हाच प्रश्न खरा वाटत आलेला आहे. ज्याला आम्ही कोल्हापुरात घराण्याची मूळ शिस्त म्हणतो, ती एका माणसानं संकटात सापडल्यावर केलेली दुसरी मांडणी होती. त्याच्या बापजाद्यांच्या ध्रुपदाच्या तुलनेत ती केवढी मोठी फारकत! आणि किशोरीताईंच्या आयुष्यातही तसाच एक काळ आला. तरुणपणीच त्यांचा आवाज गेला. बराच काळ गाता येत नव्हतं. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला. त्या मुक्या काळात त्यांनी राग मनात गाऊन पाहिला, सुराचा विचार केला, असं त्या सांगत. त्यानंतर जे गाणं उभं राहिलं ते आईनं शिकवलेल्या गाण्याहून वेगळं होतं. आजोबा-गुरू आणि नात-शिष्या, दोघांचा गळा बसला आणि दोघांनी नवी वाट काढली. खाँसाहेब मैफलीच्या काळात होते, म्हणून त्यांची वाट हळूहळू परंपरा ठरली. किशोरीताईंची वाट विनाइलवर कोरली गेली आणि एकाच वर्षात हजारो घरांत पोचली, त्यामुळं तिच्यावर निकालही लगेच लागला. खाँसाहेबांच्या आमलेट्यानंतरच्या पहिल्या पाच-दहा वर्षांतल्या मैफलींची तबकडी असती, तर तिच्यावर काय टीका झाली असती ते मला स्पष्ट ऐकू येतं.

आणि एक सांगतो. शिस्त मोडली म्हणणाऱ्यांनी तबकडी ऐकली होती, मैफल क्वचित. वीस मिनिटांच्या बाजूत राग बसवायचा म्हणजे निवड आली. आधीच्या तीन मिनिटांनी केसरबाईंना तानेकडं ढकललं, तसं या वीस मिनिटांनी किशोरीताईंना आलापाचं एक सलग चित्र काढू दिलं. दोन्ही तबकड्या गायिकेइतक्याच यंत्राच्याही आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांचंच बघा. मिरजेला नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरची तालीम घेतलेल्या त्यांच्या सुरुवातीच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या भरधाव पळतात. पुढं मंजी खाँ आणि त्यांच्यानंतर भुर्जी खाँ, या खाँसाहेबांच्या दोन मुलांकडं ते शिकले आणि म्हातारपणीच्या मुद्रणांत तीच गायकी निवांत बसून बोलते. दोन्ही ऐकून एकच माणूस आहे हे सांगावं लागतं.

वाद पुढं आपोआप विरला असं म्हणायला हवं. किशोरीताईंना १९८७ साली पद्मभूषण, २००२ साली पद्मविभूषण मिळालं. त्या स्वतः घराण्याच्या भिंती मानायला तयार नव्हत्या आणि मुलाखतींत ते रोखठोक सांगत. ३ एप्रिल २०१७ रोजी त्या गेल्या. आज आमच्या भागातल्या कुठल्याही संगीत स्पर्धेला जा, एखादी मुलगी ‘सहेला रे’ गातेच. तबकडीत जिथं श्वास आहे तिथंच श्वास घेते, जिथं सूर किंचित थरथरला आहे तिथं थरथरवते. तिच्या बाईंना ते पारंपरिक वाटतं. मला त्या मुलीचं कौतुक आहे, पण तिनं एकदा तरी लक्ष्मीबाई, केसरबाई, मोगूबाई यांच्या लाखेच्या तबकड्याही ऐकाव्यात. एकाच तबकडीला घराणं समजणं ही आप्पांची चूक उलट्या बाजूनं करण्यासारखं आहे.

ही गायकी मैफलीतली. तिचा मोठा साठा कंपन्यांच्या तबकड्यांत नाही, खाजगी स्पूलवर आहे. साठ-सत्तरच्या दशकांत कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाडकडं ज्या हौशी घरांत मैफली झाल्या, तिथं कुणी ना कुणी यंत्र लावलेलं असायचं. ती माणसं आता नाहीत. वाडे पडतात, माळे रिकामे होतात आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यांतली ती चकरं भंगारात जातात. भुर्जी खाँच्या तालमीतल्या धोंडूताई कुलकर्णींसारखी गायिका आमच्याच गावची; तिच्या पिढीच्या कितीतरी बैठका अशाच खोक्यांत असणार.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर स्पूल आहेत त्यांना माझं सांगणं आहे. ती कुतूहलापोटी जुन्या यंत्रावर लगेच लावू नका; बंद पडून राहिलेल्या यंत्रातलं रबरी चाक पट्टी खातं. वेगानं उलटी गुंडाळू नका, जुनी पट्टी तुटते. पट्टीची तपकिरी भुकटी हेडवर बसत असेल तर थांबा, स्पिरिटनं हेड पुसा आणि मगच पुढं चला. बहुतेक घरगुती यंत्रं पट्टीच्या दोन्ही बाजूंना मुद्रण करत, तेव्हा एक बाजू ऐकून संपली असं समजू नका. स्पीकरजवळ किंवा मोटारीजवळ ठेवू नका. आणि खोक्यावर पेन्सिलीनं जे काही खरडलेलं असेल, राग, तारीख, कुणाचं घर, तबल्यावर कोण, ते खोकं फाटलं असलं तरी फेकू नका. आधी त्याचा फोटो काढा, मग पट्टी जाणत्याच्या हातात द्या.